कादंबरीतल्या थंड डोंगरी गावासाठी वाफेचं न्हाणीघर कसं उभं करावं? मदत हवीय

कासवाटेवरचा (सातारा)

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं मी एक कल्पनारम्य कादंबरी लिहितोय, मराठीतच. त्यातला मुलूख माझा मीच रचलाय, नाव गारठाण. उंच डोंगर, वर्षातले सात महिने बर्फ, मेंढरं, सातूची शेती आणि दगडी घरं. वस्तीच्या मधोमध सगळ्यांचं मिळून एक वाफेचं न्हाणीघर आहे आणि कादंबरीतलं सगळ्यात मोठं प्रकरण तिथंच घडतं, दोन वैरी घराण्यांची माणसं आत एका कट्ट्यावर बसून तह करतात आणि बाहेर येऊन गोठलेल्या तळ्यात उडी मारतात.

अडचण अशी की हे प्रकरण तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा ते हॉटेलातल्या स्पासारखं झालं. वाफ आहे, सुगंधी पाला आहे, माणसं निवांत बसलीत, पण ते गाव त्यात नाही. फिनलंडचं सौना, रशियाचं बान्या याबद्दल बरंच वाचलं. आत ८० ते १०० डिग्री असतं, तापलेल्या दगडांवर पाणी टाकतात, बर्चच्या डहाळ्यांनी अंग झोडपतात, हे सगळं माहितीय. पण ते तसंच्या तसं उचलून ठेवलं की परकं वाटतं. मला थंडी माहितीय ती महाबळेश्वरची, वेण्णा तलावाच्या कडेला पहाटे दवाचं बर्फ होतं तेवढीच.

तर दगड कुठला, जळण कुठनं येणार, आत वागायची रीत काय, आणि मुख्य म्हणजे ह्या जागेला म्हणायचं काय, कारण सौना हा शब्द मला वापरायचा नाही. ज्याला जे माहीत असेल ते सांगा, कितीही बारीक असलं तरी चालेल.

चुलवाणाजवळचा (वाळवा)

दादा मी काय लेखक नाही पण तुमचं वाचून आमचं गुऱ्हाळ आठवलं. आमच्या आज्याचं गुऱ्हाळ होतं, थंडीच्या दिवसात पहाटे तीनला जाळ लागायचा. काहिलीत रस उकळायला लागला की सगळं छप्पर वाफेनं भरायचं, समोरचा माणूस दिसायचा नाही नुसता आवाज यायचा, तोंडाला घाम आणि पाठीला गारठा, अंगाच्या दोन बाजूला दोन ऋतू असल्यागत. त्या वाफेला गोड वास असतो आणि तो केसातनं दोन दिवस जात नाही. हे असलं काहीतरी लिवा, स्पा आपोआप जाईल.

आता मुद्द्याचं. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाडं सारणारा माणूस खाली खड्ड्यात बसतो. त्याला वरची काहील दिसत नाही. गुळव्या वरनं हाक मारतो, जाळ वाढव, जाळ थांबव, आणि खालचा नुसत्या आवाजावर जाळ राखतो. रस उतू गेला तरी शिवी खालच्याला आणि गूळ चांगला झाला तर नाव गुळव्याचं. माझा चुलता जन्मभर त्या खड्ड्यात बसला, त्याच्या भुवया कायम भाजलेल्या असायच्या.

तुमच्या प्रकरणात दोन घराणी आत बसलीत, ठीक. पण जाळ कोण घालतंय? तो माणूस कुठं बसलाय? त्याला आतलं बोलणं ऐकू येतंय का? माझ्या मते तुमचं खरं पात्र तोच आहे आणि तुम्ही त्याला लिवलंच नाही.

निवृत्त सुभेदार (सातारा तालुका)

लडाखमध्ये दोन टेन्युअर काढलेत, म्हणून जळणाचं सांगतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथं डोंगर उघडे बोडके असतात, झाड दिसतं ते नदीकाठी लावलेलं पॉप्लर नाहीतर विलो. गावातली माणसं शेण वाळवून छपरावर रचून ठेवतात, काटक्या रचतात, त्यावरनं घराची ऐपत कळते. आपल्याकडं उन्हाळ्यात गोवऱ्यांचा उडवा रचतात तसंच, फक्त तिथं तो उडवा म्हणजे हिवाळ्यातला जीव.

फिनलंडला जंगल आहे म्हणून घरोघरी सौना परवडतो, पंचावन्न लाख माणसांत तीसेक लाख सौना सांगतात. तुमच्या गारठाणात झाडंच नसतील तर रोज वाफ घ्यायची चैन कुणालाच परवडणार नाही. मग आठवड्यातनं एकदा, किंवा पंधरवड्यातनं, आणि तेही सगळ्या वस्तीनं आपापला वाटा आणून. घरटी पाच गोवऱ्या, मोळीभर काटक्या. ज्याचा वाटा आला नाही त्याचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहतो बघा. आणि एकदा दगड तापले की ती ऊब संपेपर्यंत सगळ्यांनी वापरायची, म्हणजे पाळ्या लागणार. पहिल्या पाळीला कडक, शेवटच्या पाळीला कोमट. कोण पहिला जाणार ह्यावरनं तुमच्या गावात कोण मोठा ते वाचणाऱ्याला न सांगता कळेल.

आणखी एक. उंचीवर पाणी लवकर उकळतं, लेहमध्ये साधारण ८८ डिग्रीलाच. म्हणून डाळ शिजत नाही, कुकर लागतो. पण दगडाला त्याचं काय नाही, दगड जाळात कितीही तापतो. म्हणजे तुमच्या लोकांना नुसत्या उकळत्या पाण्यापेक्षा दगडाची किंमत जास्त कळलेली असणार. त्यांच्या म्हणीतसुद्धा दगड येऊ द्या.

शेवटचं, हे जिवाचं आहे. बंद खोलीत बुखारी, म्हणजे खोली उबदार ठेवायची शेगडी, पेटती ठेवून झोपू नका हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगायचे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. धुराड्याशिवायचं न्हाणीघर दाखवणार असाल तर जाळ पुरा विझल्यावर, निखारा बाहेर काढून, दार उघडं ठेवून धूर जाऊ दिल्याशिवाय कुणालाही आत पाठवू नका.

काळवत्री (वाई)

सुभेदारसाहेबांनी दगडाचं काढलं म्हणून लिहितो, शाळेत भूगोल शिकवतो आणि दगड हा माझा जुना नाद.

कुठलाही दगड जाळात घालून चालत नाही. नदीतला गोल गुळगुळीत गोटा दिसायला देखणा पण त्यात पाणी मुरलेलं असतं, तापला की आतल्या आत वाफ होते आणि दगड फुटतो, कपच्या उडतात, डोळा जाऊ शकतो. आपल्याकडचंच घ्या. महाबळेश्वर, पाचगणीचं टेबललँड, कास, ह्या सगळ्यांच्या डोक्यावर जांभा आहे. जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो, म्हणून जाळात घालायला नको. त्याच्या खाली काळा पाषाण, बेसॉल्ट. त्यातला घट्ट, बिनछिद्राचा असेल तो उत्तम, सावकाश तापतो आणि बराच वेळ ऊब धरतो. पण त्याच बेसॉल्टमध्ये पोकळ्यांचा थर असतो आणि त्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट स्फटिक भरलेले असतात, त्यांना झिओलाइट म्हणतात. ह्या स्फटिकांच्या घडणीतच पाणी असतं. १७५६ साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं ते तापवून पाहिले तर ते उकळल्यासारखे बुडबुडायला लागले, म्हणून त्यानं ग्रीकमधून नाव दिलं, अर्थ होतो उकळणारा दगड. सह्याद्रीचे झिओलाइट जगभरच्या म्युझियममध्ये आहेत.

आता हे कादंबरीत किती कामाचं आहे बघा. दगड पारखणारी एक म्हातारी पाहिजे. ती दगडावर दगड आपटून आवाज ऐकते, खणखणीत वाजला तर घेते, बद्द वाजला तर टाकते. आणि तहाच्या रात्री कुणी मुद्दाम एक बद्द दगड चुलीत सरकवला तर? मला राहवत नाही म्हणून सांगितलं, तुमची गोष्ट तुमची.

दगडाच्याच नादात भूतानचं पण सांगतो. तिथं दोत्शो म्हणून गरम दगडांचं स्नान असतं. लाकडी हौद, त्यात पाणी आणि दवण्याच्या जातीतला एक पाला, आणि जाळात लाल केलेले दगड हौदाच्या एका कप्प्यात सोडतात, मध्ये फळी असते म्हणजे अंगाला दगड लागत नाही. दगड पाण्यात पडला की जो चर्रर्र आवाज होतो तो पार लांबपर्यंत जातो. तुमच्या गावाला ते सौनापेक्षा जवळचं वाटेल, कारण तोही उंच डोंगरांचाच मुलूख आणि पालासुद्धा आपल्या ओळखीच्या वासाचा.

कासवाटेवरचा (सातारा)

आवं काय लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी! चुलवाणवाले दादा, तुमचा प्रश्न वाचून मी रात्री झोपलो नाही. जाळ घालणारा माझ्या तिन्ही खर्ड्यांत कुठंच नाही, दगड आपले आपोआप तापलेत.

सर, बद्द दगड मी घेतोय, परवानगी समजतो. पण तळ्यातल्या उडीचं कुणी बोललं नाही, ती मला ठेवायचीय.

नाडीवैद्य (सांगली)

उडीवर माझी हरकत आहे, पण आधी दुसरं सांगतो. वाफेच्या न्हाणीघरासाठी फिनलंडला जायची गरजच नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा चौदावा अध्याय पूर्ण स्वेदावर आहे, अग्नीच्या साहाय्यानं घाम काढायचे तेरा प्रकार दिलेत आणि त्यातला एक जेंताक. वर्णन वाचलं तर तुम्हाला नकाशाच मिळेल. गावाच्या पूर्वेला किंवा उत्तरेला चांगली जमीन बघायची, तळ्याच्या काठावर, पाण्यापासून सात-आठ हात सोडून गोल घर बांधायचं, सोळा हात रुंद, सोळा हात उंच, मातीनं लिंपलेलं, त्याला बऱ्याच खिडक्या. आत भिंतीला लागून सगळीकडनं दारापर्यंत हातभर उंचीचा कट्टा. मधोमध माणसाएवढी उंच मातीची भट्टी, तिला बारीक बारीक भोकं आणि वर झाकण. त्यात खैराची वगैरे लाकडं जाळायची, पुरी जळून धूर गेला की मगच अंगाला तेल लावलेल्या माणसानं आत जायचं. सुभेदारसाहेब सांगतात ती धुराची काळजी तिथं आधीच घेतलीय.

आणि पुढं जे आहे ते मला फार आवडतं. रोग्याला बजावलंय की घेरी आल्यासारखं झालं तरी कट्टा सोडू नकोस, कट्टा सोडलास तर दार सापडणार नाही आणि जीव जाईल. म्हणजे कट्टा हाच वाटाड्या, त्याला धरून सरकत गेलं की माणूस दारात पोचतो. तुमच्या अंधाऱ्या वाफेत हे चित्र ठेवा.

बौद्ध भिक्खूंच्या नियमांचा जो ग्रंथ, विनयपिटक, त्यातसुद्धा जंताघर आहे, शब्दाचं नातं उघड दिसतं. भिक्खूंची तब्येत बिघडायला लागली तेव्हा जीवक वैद्यानं बुद्धाला फेऱ्या मारायची जागा आणि जंताघर सुचवलं आणि बुद्धानं परवानगी दिली. तिथं धूर जायला नळी आहे, तोंड भाजू नये म्हणून चेहऱ्याला माती लावायची सोय आहे. म्हणजे ही आपली जुनी रीत आहे हो, आपण विसरलो.

आता उडी. चरक साफ सांगतो, बाहेर आल्यावर एकदम गार पाण्याला शिवू नये, डोळ्यांना जपण्यासाठी. घटकाभर, दम आणि ताप उतरेपर्यंत थांबून मग कोमट पाण्यानं अंघोळ. फिनलंडची माणसं बर्फात भोक पाडून उतरतात हे मान्य, पण तुमचे तह करणारे म्हातारे आहेत ना?

मिरजेची मावशी (मिरज)

बाळांनो मी एकतीस वर्षं नर्स होते, त्यामुळं वैद्यबुवांशी अर्धी सहमत. उडीचं त्यांचं बरोबर आहे, एकदम गार पाण्यात गेलं की रक्तदाब उसळतो, हृदयाचा त्रास असलेला माणूस तिथंच आटपू शकतो, त्यात दारू प्यालेला असेल तर बघायलाच नको. पण घेरी आली तरी बसून राहा हे मात्र कुणी घरी करू नका. घेरी आली की निघायचं, कट्टा धरून निघायचं असं म्हणा, म्हणजे दोघांचंही जमलं.

मला सांगायचंय ते वेगळंच. तुमच्या न्हाणीघरात नुसते पुरुष आणि त्यांचा तह. बायका कुठायत? फिनलंडमध्ये कित्येक पिढ्या बाळंतपणं सौनातच होत होती, कारण घरातली सगळ्यात उबदार, गरम पाण्याची आणि त्यातल्या त्यात स्वच्छ जागा तीच. आणि मेलेल्या माणसाला शेवटचं न्हाऊ पण तिथंच घालायचे. एस्टोनियातल्या वोरोमा भागातला धुराचा सौना २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेला, फिनलंडचा २०२० साली, आणि वोरोमाचे लोक त्याच धुरात मांस पण धुरी देऊन टिकवतात. एकच खोली, त्यात जन्म, मरण, शनिवारची अंघोळ आणि हिवाळ्याची बेगमी.

आणि आपल्याकडं काय वेगळं होतं? माझी आजी सुईण होती. बाळंतिणीची खोली अंधारी, खिडकीला पोतं लावलेलं, बाजेखाली शेगडी, त्यात ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी, तेल लावून शेक, आणि न्हाणीत कडकडीत पाणी अंगावर. त्या खोलीचा वास मला अजून येतो, ओव्याचा धूर, तेल आणि बाळाच्या जावळाचा. बाहेरच्या कुणाला आत यायची मुभा नाही, घरातला कर्ता पुरुष सुद्धा उंबऱ्यावरनं बोलायचा. आजीसारखी गरीब विधवा बाई, गावात एरवी तिला कोण विचारत नव्हतं, पण त्या खोलीत तिचा शब्द शेवटचा. पाटलीणबाईसुद्धा तिचं ऐकायच्या.

तुमच्या गारठाणात असं करा, तहाच्या दिवशीच कुणाच्या तरी कळा सुरू होऊ द्या आणि सुईणीनं दोन्ही घराण्यांना बाहेर बर्फात उभं करू दे. बघू कुणाची हिंमत होते तिला नाही म्हणायची.

पारावरचा (सातारा)

तह म्हटल्यावर मला तर प्रतापगडच दिसतो, १० नोव्हेंबर १६५९. अंगरख्याखाली चिलखत, टोपाखाली लोखंड, दोन्ही बाजूंना संशय. तुमच्या लोकांनी तहाला न्हाणीघर का निवडलं ह्याचं उत्तर इथं मिळतं, आत कपडेच नाहीत, लपवणार कुठं? आणि लोखंड तिथं तापून अंगाला चटका देतं, अंगठीसुद्धा काढून ठेवावी लागते. पण दगा बाहेरनं होऊ शकतो. रशियाच्या जुन्या बखरीत ९४५ सालच्या नोंदीत राणी ओल्गाची गोष्ट आहे, नवऱ्याला मारणाऱ्या जमातीचे दूत आले, तिनं आधी न्हाऊन या म्हणून न्हाणीघरात पाठवलं आणि बाहेरनं दार लावून पेटवून दिलं. म्हणजे परत तेच, जाळ घालणारा कुणाच्या बाजूचा?

रशियात अजून एक समजूत, न्हाणीघरात बान्निक नावाचा राखणदार राहतो, शेवटची पाळी त्याच्यासाठी सोडायची, थोडं गरम पाणी आणि डहाळ्यांचा झाडू ठेवून यायचं, मध्यरात्रीनंतर कुणी जायचं नाही. आपल्या विहिरीवर आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, असतात तसंच की.

कटगुणचा (खटाव)

वरचं सगळं वाचलं, छान चाललंय, पण एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून लिहितोय. सुभेदारसाहेब पाळ्यांचं बोलले, पहिली कुणाची शेवटची कुणाची. मी विचारतो, ज्याला पाळीच नाही तो कोण? महाराष्ट्रात बसून सामायिक पाण्याची गोष्ट लिहायची आणि हा प्रश्न सोडायचा हे मला जमत नाही. ज्योतिबा फुल्यांचं मूळ गाव आमचं, त्यांनी १८६८ साली पुण्यात स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिऊन हक्क सांगावा लागला. आणि बाबासाहेबांची पहिली शाळा तुमच्या साताऱ्यातलीच.

गोवऱ्या कुणी थापल्या, बर्फ फोडून पाणी कुणी वाहिलं, राख कुणी काढली? तीच माणसं आत बसतात का? चुलवाणवाल्या भावानं चुलत्याचं लिहिलं ते वाचून गळा दाटला. तो जाळ घालणारा जर त्या न्हाणीघरात कधीच आत गेलेला नसेल, सगळ्या गावाची ऊब त्याच्या हातात आणि त्याच्या घरात बर्फ, तर तुमचा तह दोन वैऱ्यांचा राहत नाही. ते दोघं तर एकाच कट्ट्यावर बसतातच की.

चुलवाणाजवळचा (वाळवा)

कटगुणचे भाऊ, बरोबर बोललात. चुलता गूळ खायचा नाही, कुणी दिला तर पोरांना वाटायचा. का ते आम्ही कधी विचारलं नाही.

मिरजेची मावशी (मिरज)

नावाचं राहिलंच की. माझी सूचना. दगडावर पाणी टाकलं की जी वाफ येते तिला फिनिश लोक ल्योल्यू म्हणतात असं कुठंतरी वाचलेलं, आणि त्या शब्दाचा जुना अर्थ श्वास, जीव असा होता. आपल्याकडं तसा शब्द आहे, उमाळा. आतून दाटून येतो तो. तांब्याभर पाणी दगडावर पडलं की वाफेचा उमाळा येतो, आणि माणसाला पण येतो. घराला उमाळघर म्हणा.

काळवत्री (वाई)

मावशी, फार सुंदर. आणि तांब्याभर म्हणालात ते हिशेबानंही बसतं, एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरच्या वर जागा घेते. म्हणजे एक तांब्या आणि खोली भरली.

कासवाटेवरचा (सातारा)

उमाळघर. ठरलं, मावशी.

काल पहाटेपासनं प्रकरण नव्यानं लिहायला घेतलंय आणि ते आता आतनं सुरू होत नाही. ते सुरू होतं खालच्या खड्ड्यात, जाळ घालणाऱ्या माणसापासनं. त्याला वरचे दिसत नाहीत, त्याच्या भुवया भाजल्यात, त्याला दगडांच्या फटीतनं दोन घराण्यांचं बोलणं तुकड्या तुकड्यानं ऐकू येतं आणि आपल्या वस्तीचा विषय कुणी काढतंय का ह्याची तो वाट बघतोय. कुणी काढत नाही. म्हातारीनं नाकारलेला एक बद्द दगड त्याच्या हाताशी पडलाय. तो त्याचं काय करतो हे मला अजून ठरवता आलेलं नाही, कालपासनं तिथंच अडकलोय, कारण आता मला तो दगड त्यानं चुलीत घालावा असंही वाटतं आणि घालू नये असंही. सुईण यायच्या आधी की नंतर, ह्यावर बरंच अवलंबून आहे, कारण एकदा बाळंतीण वर आली की खालच्या जाळावर दोन जीव आहेत हे त्याला हाकेवरनं कळणार.

वैद्यबुवा, उडी म्हाताऱ्यांची काढून टाकली. बाहेर त्यांच्यावर कोमट पाणी घालायची रीत आहे असं लिहिलंय, आणि उडी मारतात ती पोरं, म्हाताऱ्यांच्या शिव्या खाऊन.

काळवत्री सर, रविवारी वाईला येतोय, दुपारी घाटावर असाल का? खणखणीत आणि बद्द, दोन्ही दगड वाजवून ऐकायचेत, त्याशिवाय तो आवाज मला लिहिता येणार नाही. आणि चुलवाणवाले दादा, यंदा गुऱ्हाळ कुठं सुरू असेल तर कळवा, एक रात्र खाली खड्ड्यात बसायचंय, जाळ घालणाऱ्यांना चालणार असेल तर.